गिरगावच्या विहिरी आणि विहारचे पाणी

गिरगावातील वाड्यांतून जे नळाचे मृदू पाणी आज सहजगत्या हंड्यात पडते, त्याची योग्यता कळण्यासाठी १८६० पूर्वीच्या विहिरींचे स्मरण करावे लागते. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे त्यांपैकी कित्येकींचे पाणी मचूळ व जड असे. अशा पाण्यात तुरीची डाळ कितीही सरपण जाळले तरी नीट शिजत नाही, साबणाला फेस न येता वस्त्रावर पांढुरका चिकटा राहतो, आणि पाणी उकळू लागताच त्यात विरघळलेला चुन्याचा अंश तपेल्याच्या तळाशी खर होऊन बसतो. गृहिणीचे हे नित्याचे कष्ट सरकारी दप्तरात जमेस धरले जात नाहीत, म्हणूनच ते येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटतात.

१८५४ च्या दुर्भिक्षात मुंबईत होड्यांनी व आगगाडीने पाणी आणण्याची पाळी आली, तेव्हा कोठे अभियंता हेन्री कॉनिबेअर यांच्या पाणीपुरवठ्याच्या योजनेस गती मिळून मिठी नदीवर विहारचा तलाव बांधला गेला. पुढे १८७९ त तुळशी आणि १८९२ त तानसा. काळ्या पाषाणाच्या डोंगरांत साठलेले हे पर्जन्यजल क्षारांनी हलके असल्यामुळे डाळ-साबणाची तक्रार आपोआप मिटली. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या डासांपायी म्युनिसिपालिटीने विहिरी झाकण्याचे वा बुजविण्याचे हुकूम काढले, त्या वेळी देवपूजेसाठी विहिरीचेच पाणी हवे म्हणणाऱ्यांनी कळकळीने विरोध केला, आणि तो विरोध मला समजू शकतो. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर समुद्रानिकट असूनही गोड्या पाण्याची आहे. पारशी बांधव तेथे अद्याप दिवा लावतात.