उंचावलेल्या पिकअपची कुळकथा

अमेरिकेत पिकअप गाडी मूळ उंचीहून चार-सहा इंच उचलून घेण्याची जी रीत आज निव्वळ शौकाच्या सदरात जमा झाली आहे, तिचे मूळ मात्र, डॉज कंपनीने लष्करी ट्रकावरून घडवलेली ‘पॉवर वॅगन’ १९४६ साली मुलकी बाजारात आणली त्या काळच्या, चिखलाराडीतून वाट काढणाऱ्या रानातल्या निकडीत शोधावे लागते. थोर घेराचे टायर चढवायचे, तर ते मडगार्डला घासू नयेत एवढा अवकाश हवा. म्हणून मागचा आस व कमानपाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा सारून लांब यू-बोल्टांनी आवळण्याची तोड निघाली. पुढच्या आसावर असा ठोकळा ठेवणे जोखमीचे, कारण सुकाणूचा सारा भार तिथेच. तेथे अधिक वाकाचे नवे पाटेच घालणे इष्ट. सेंट लुईसच्या बॉब चँडलर यांनी आपल्या १९७४ च्या फोर्ड एफ-२५० ची ‘बिगफूट’ नावाची राक्षसी ट्रक केली, आणि गरजेचा तमाशा झाला. (तमाशा प्रेक्षणीय होता, हे कबूल!) गिऱ्हाईक अजूनही आधी इंच विचारते, ब्रेकची रबरी नळी आखूड पडून ताणली गेल्यावरच ते गाडीखाली वाकून पाहते.