खानदेशातील हिवाळी भाजीपाला

खानदेशातील हिवाळी भाजीपाला : जळगाव व धुळे जिल्ह्यांत तापी, गिरणा, वाघूर, पांझरा या नद्यांकाठच्या काळ्या जमिनीत आणि विहीर-बागायतीत साधारण कार्तिक ते माघ या काळात तोडणीला येणारा भाजीपाला. भरिताचे वांगे हे त्यातले मानाचे पीक. त्याखालोखाल मेथी, पालक, पोकळा, कोथिंबीर, कांद्याची पात, मुळा, गाजर, फ्लॉवर, कोबी, वाटाणा व वाल.

इथला हिवाळा आखूड. परतीचा पाऊस ऑक्टोबरात थांबतो, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बरेचदा 10 अंशांखाली जातो आणि मार्च लागताच ऊन चटके देऊ लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे 45 अंशांचे कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळे कोणती भाजी लावायची हे ठरवताना ती किती दिवसांत हाती येते हे आधी पाहावे आणि तोडणीपासून मागे मोजत लागवडीची तारीख धरावी. मेथी-पालक महिनाभरात निघतात. वांग्याला बी टाकल्यापासून पहिल्या तोडणीपर्यंत साडेतीन महिने सहज लागतात. म्हणजे हिवाळ्यात खायचे वांगे ऐन पावसाळ्यातच लावावे लागते, आणि हे ज्याच्या ध्यानात राहत नाही त्याचा हंगाम हुकतो.

भरिताचे वांगे फिकट हिरवे, अंगावर पांढऱ्या रेषा असलेले, मोठे, भरपूर गराचे आणि कमी बियांचे असते. यावल तालुक्यातील बामणोद आणि जळगावजवळचे आसोदा (बहिणाबाई चौधरींचे माहेर) ही गावे त्यासाठी विशेष नावाजलेली. ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अनेक शेतकरी बी घरीच धरतात. निरोगी झाडावरचे, रेषा ठळक असलेले फळ पिवळे पडेपर्यंत झाडावर राखून त्याचे बी काढतात. वांग्यात काही प्रमाणात परपरागीभवन होते, म्हणून शेजारी जांभळे किंवा काटेरी वांगे असेल तर तिथले फळ बियाण्याला धरू नये. विकतच्या संकरित बियाण्याने तोडे जास्त मिळतात, पण भरितासाठी गावरान बी जपणेच शहाणपणाचे.

जुलैत 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच गादीवाफ्यावर बी ओळीने पेरतात. पावसाचे पाणी वाफ्यात साचले तर रोपांची मर होते, म्हणून सपाट वाफा टाळावा. पाच-सहा आठवड्यांची, सहा-आठ पानांची रोपे ऑगस्टमध्ये सरी-वरंब्यावर लावतात. काळ्या जमिनीत झाड पसरते, तेव्हा दोन ओळींत 90 सेंटिमीटर अंतर हवे. ज्या शेतात आधी टोमॅटो, मिरची किंवा बटाटा होता तिथे वांगे घेऊ नये. सगळी एकाच कुळातली, त्यामुळे रोगही तेच.

सर्वांत मोठा शत्रू शेंडे व फळ पोखरणारी अळी. सुकून मान टाकलेला शेंडा दिसला की अळीसकट खुडून नष्ट करावा. कामगंध सापळ्यांचाही उपयोग होतो. पाने बारीक होऊन झाडाचा झुपका झाला तर तो पर्णगुच्छ रोग. तो तुडतुड्यांमुळे पसरतो आणि असे झाड बरे होत नाही, ते उपटावेच.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वांगे न खाणाऱ्या घरांत तिथून वांगे सुरू होते. ऑगस्टची लागण त्या दिवसांत बरोबर भरात येते. कपाशी किंवा तुरीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजतात, साल काढून लाकडी बडगीत ठेचतात आणि तेलात परतलेला लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे व कांद्याची पात घालून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीशी किंवा पुरीशी खातात. वांगे निवडताना आकाराच्या मानाने हातात हलके लागेल ते घ्यावे. जड वांग्यात बी फार.

पालेभाज्या पाऊस उघडून वाफसा आल्यावर, थोड्या थोड्या जागेत दर आठ-दहा दिवसांनी पेराव्यात. एकदम पेरल्या तर एकदमच जून होतात. धणे रगडून दोन फाळ्या कराव्यात आणि रात्रभर भिजवून पेरावेत. हरभऱ्याची भाजी मात्र वेगळी लावावी लागत नाही. रब्बीच्या हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले की झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि घरात घोळाण्याला (कच्च्या पाल्याच्या कोशिंबिरीला) पाला येतो.

गाजर-मुळा जागेवरच पेरावा. चिबड, ढेकळांच्या काळ्या रानात गाजराला फाटे फुटतात, तेव्हा नदीकाठची पोयट्याची जमीन बरी. फ्लॉवर-कोबीची महिन्याची रोपे ऑक्टोबरात लावतात. वाटाणा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापलीकडे लांबवू नये. शेंगा भरताना ऊन लागले तर दाणा भरत नाही.

धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी काही शतकांची फड पद्धत आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने शिवारात येते, शिवाराचे फड पाडलेले असतात आणि एका फडात सगळे मिळून एकच पीक घेतात. पाळी ठरवून पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे. अशा शिवारात भाजीची निवड एकट्या शेतकऱ्याच्या हातात नसते. गावाने ठरवलेल्या पिकाशी आणि पाळीशी जुळेल तेच लावावे लागते.

पारा उतरलेल्या रात्री भाजीला हलके पाणी द्यावे. ओली जमीन कोरड्या जमिनीइतकी लवकर गार होत नाही. केळीचे बागायतदार थंडीच्या चरक्यापासून बाग वाचवायला रात्री पाणी देतात, शेकोट्या पेटवून धूर करतात. भाजीच्या वाफ्यांनाही तोच उपाय लागू पडतो. फेब्रुवारी सरता सरता वांग्यात बी वाढते, चव कडवट होऊ लागते, मेथीला फुले येतात. तेव्हा वाफे मोडून, शेणखत मिसळून तिथे गवार, भेंडी व काकडी टोकतात.