न बोलावलेला पाहुणा

बागेत आपोआप उगवलेल्या रोपाकडे आपण बघतो ते अगदी पत्र न टाकता वळकटीसकट दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं. आला कुठून आणि जाणार कधी? माझं तर आधी खुरपंच पुढे व्हायचं. आईच्या निशिगंधाची कोवळी पाती मी एका रविवारी गवत समजून साफ केली. आई काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे स्नोड्रॉपचा इतिहास वाचला आणि खुरपं खाली ठेवलं.

थंडी सरता सरता बर्फातून डोकं काढणारं हे चिमुकलं पांढरं कंदफूल इंग्रज अगदी घरचं मानतात. प्रत्यक्षात तेही पाहुणंच! युरोपातून बागेत आलं. तिथल्या रानात उगवल्याची पहिली नोंद १७७०च्या दशकातली. कुंपणाबाहेर पडायला मुंग्यांनीही हातभार लावला. बीला चिकटलेल्या स्निग्ध खाऊसाठी त्या बी ओढून नेतात, खाऊ खातात आणि बी टाकून देतात. आयती पेरणी!

पुढे क्रिमियाच्या युद्धावरून (१८५३-५६) सैनिकांनी तिथले कंद आणले म्हणतात. १८७४ मध्ये हेन्री एल्वेस यांना तुर्कस्तानात, स्मर्नाजवळ, तिसरी जात मिळाली. तिन्ही घराणी बागेत शेजारी नांदू लागली. मधमाश्यांनी पत्रिका न बघताच स्थळं जुळवली आणि वाफ्यात नवी पोरं दिसू लागली. पहिल्या वर्षी गवतासारखं एकच पान, फूल यायला तीन-चार वर्षं. तोवर ज्याने हात आवरला, त्यालाच गंमत कळायची. कितीतरी नामवंत वाण असे कुणी घडवलेले नाहीत, नुसते सापडलेले आहेत.

रोप हलवायचं तर फूल सरल्यावर, पानं हिरवी असतानाच, मुळांच्या मातीसकट. वाळवलेला कंद बरेचदा पुन्हा उठत नाही. पाहुण्याला खोली बदलून द्यावी, पण जेवता जेवता, उपाशी नव्हे.

२०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका बागेत आपसूक उगवलेल्या, पिवळ्या छटेच्या स्नोड्रॉपचा एकच कंद लिलावात ७२५ पौंडांना गेला. खुरपं चाललं असतं, तर ती रक्कम कचऱ्याच्या टोपलीत पडली असती.

परवा तुळशीवृंदावनाशेजारी एक अनोळखी पातं दिसलं. मी आईला बोलावलं. तिने चष्मा पुसून निरखून पाहिलं.

‘‘गवतच आहे रे,’’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘पण असू दे.’’