चहा, पाणी आणि बाकडे

बाहेर जेवायला जाणे ही आता आपल्या घरांतली नेहमीची गोष्ट झाली आहे. ईदनंतरच्या रविवारी, मुलांच्या निकालाच्या दिवशी किंवा पाहुणे आले म्हणून आपण हॉटेलात जातो. नेहमीच्या बिर्याणीचा कंटाळा आला की काहीतरी वेगळे शोधतो. मुंबई-पुण्यात आता अरबी पद्धतीची मंडी मिळते. गालिच्यावर मांडी घालून मोठ्या परातीभोवती सगळे बसतात आणि नव्या पिढीला ती मोठी नवलाई वाटते. एका परातीत जेवणे आपल्या आजोबा-पणजोबांना नवे नव्हते, ही गोष्ट वेगळी! त्यांच्या काळातली नवलाई मात्र निराळी होती. परक्या जातीच्या, परक्या धर्माच्या माणसाशेजारी एका बाकड्यावर बसून चहा पिणे, हाच त्या काळातला विलक्षण अनुभव होता. तो सहजासहजी मिळाला नाही. म्हणून खाद्यपदार्थांच्या इतिहासापेक्षा या बाकड्याचा इतिहास आपण अधिक आस्थेने वाचला पाहिजे.

प्रवाशाला अन्न आणि आसरा देण्याची परंपरा या देशात जुनी आहे. शेरशाह सूरीने आपल्या छोट्या राजवटीत (१५४०-४५) रस्त्यांवर ठरावीक अंतराने सराया बांधल्या. अब्बास खान सरवानी हा इतिहासकार सांगतो की, या सरायांत हिंदू आणि मुसलमान प्रवाशांची सोय वेगवेगळी होती आणि हिंदूंना पाणी-जेवण देण्यासाठी ब्राह्मण नेमलेले होते. मुसलमान बादशहाने हिंदू रयतेच्या आचाराचा राखलेला हा मान होता. दुसरीकडे सूफींच्या खानकाहात लंगर चालत. औरंगाबादची पाणचक्की पाहायला आजही पर्यटक जातात. पण तिचे दगडी जाते बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातले मुरीद, फकीर आणि वाटसरू यांच्यासाठी दळण दळत होते, हे किती जणांच्या ध्यानात असते? सराईत सोय होती, पण वेगळेपणासह. लंगरात पंगत होती, पण ती श्रद्धेची होती. पैसे मोजून, कुणाच्याही शेजारी, बरोबरीच्या नात्याने बसायची जागा अजून जन्माला यायची होती.

ती जन्माला येताना समाजाला किती कळा सोसाव्या लागल्या, याची साक्ष पुण्याने दिली आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातील नामांकित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही त्यांत होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. पुढे ही नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात गहजब झाला. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद कित्येक महिने धुमसत राहिला. एक कप चहा विद्वानांनाही भारी पडला, तिथे सामान्य माणसाची काय कथा! रेल्वेने सगळ्यांना एका डब्यात बसवले खरे. पण गाडी स्टेशनात थांबली की फलाटावर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' अशी हाळी ऐकू येई. चहाच्या किटल्याही वेगळ्या. सराईत जो वेगळेपणा सोय म्हणून होता, तो इंग्रजी अमलात सरकारी व्यवस्थेचा भाग झाला.

ज्यांना हिंदू पाणीही नव्हते आणि मुसलमान पाणीही नव्हते, त्यांचे काय? परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात उतरायला एक हॉटेल मिळाले नाही. पारशी नाव सांगून ते पारशांच्या सराईत राहिले. जात उघड झाल्यावर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. याच सुमारास कोल्हापुरात मात्र वेगळेच घडत होते. गंगाराम कांबळे या दलित तरुणाला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला चहाचे हॉटेल काढायला मदत केली. 'सत्यसुधारक' हे त्या हॉटेलाचे नाव. महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या बड्या असामींनाही पाजत. राजाने घोटलेला तो चहा एखाद्या वटहुकमापेक्षा मोठे काम करून गेला. याच राजाच्या आश्रयाने १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले आणि खेड्यापाड्यांतल्या आमच्या मुलांच्या शिक्षणाबरोबर दोन वेळच्या जेवणाचीही सोय झाली, हे आपण विसरता कामा नये.

मुंबईत हे काम इराण्यांनी केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणमधला दुष्काळ आणि हलाखी यांना कंटाळून यझ्द, केरमानकडची माणसे इकडे आली. त्यांत झरतुष्ट्री होते, तसे शिया मुसलमानही होते. हिंदू दुकानदार कोपऱ्यावरची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगितले जाते. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे आणि गल्ल्यावर बसलेला मालक, हा थाट सगळीकडे सारखा. धोबी तलावची कयानी १९०४ ची, बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया १९२३ ची, पुण्याच्या डेक्कनवरचे गुडलक १९३५ चे. गिरणी कामगार, वकील, कारकून, टांगेवाला अशा सगळ्यांना तिथे ब्रुन-मस्का आणि चहा मिळू लागला. इराण्याला आपल्या जातीच्या उतरंडीत जागाच नव्हती, म्हणून त्याच्या टेबलालाही जात नव्हती. परका माणूस कधीकधी आपल्यावर असे उपकार करून जातो!

आमचा मोहल्लाही मागे नव्हता. भेंडीबाजारातील नूर मोहम्मदी हॉटेल १९२३ चे. तिथली नळी-निहारी आजही नावाजलेली आहे. 'नहार' म्हणजे दिवस, सकाळ. रात्रभर मंद आचेवर शिजलेली निहारी पहाटे खायची. मराठी घरांत रोज उच्चारला जाणारा 'न्याहारी' हा शब्दही याच घराण्यातला. शेतावरची भाकरी-कांद्याची न्याहारी आणि भेंडीबाजारची निहारी या दोघी बहिणी आहेत, हे आपल्या शेजाऱ्यांना आपणच सांगायला हवे. बोहरी मोहल्ल्यातल्या बारा हंड्याही रात्रभर चुलीवर असत. पहाटे कामावर निघालेल्या कष्टकऱ्याच्या पोटाला त्यांचा आधार होता. बिऱ्हाड गावी ठेवून आलेला गिरणगावातला कामगार बायकांनी चालवलेल्या खानावळीत जेवे. या खानावळवाल्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. शहर उभे राहिले ते अशा चुलींवर. त्या चुली पेटवणाऱ्या हातांची नोंद मात्र इतिहासाच्या पुस्तकांत शोधावी लागते.

इथपर्यंतचा इतिहास वाचताना आम्हाला बरे वाटते. इस्लामने दस्तरख्वानावर भेद मानला नाही, असे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु इतिहास आरशासारखा असतो. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. प्रवासाने थकलेल्या मंडळींनी दारातल्या हौदावर हातपाय धुतले. तेव्हा अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून ओरडत जो जमाव धावून आला, तो मुसलमानांचा होता. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही पाणी नाकाराल काय, असे बाबासाहेबांनी त्यांना विचारले. जमावाकडे उत्तर नव्हते. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. ज्यांचा रोजा पाण्याचे मोल शिकवतो, त्यांनीच पाणी नाकारावे, याहून मोठी शरमेची गोष्ट कोणती? महाडच्या १९२७ च्या डिसेंबरमधील परिषदेला मंडपासाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमानाने ती दिली, हेही खरे. महाड आमचेच आणि दौलताबादही आमचेच. एकाची आठवण काढून दुसऱ्याची झाकता येणार नाही. बिरादरीच्या दावतीत कोणाला कोणत्या सफ्यावर बसवले जाते, हे आजही आपण प्रामाणिकपणे पाहावे.

आणि आमच्या स्त्रिया? इराणी हॉटेलात आणि मोहल्ल्यातल्या हॉटेलांत 'फॅमिली रूम' नावाचे लाकडी आडोसे असत. पडदा ओढायचा आणि आत बसायचे. आज त्या आडोशांना कुणी हसेल. परंतु घराबाहेर बसून खाण्याचा हक्क अनेक मुस्लिम, तशाच हिंदू स्त्रियांना प्रथम त्या आडोशाआड मिळाला. मुली आता मैत्रिणींबरोबर उघड्यावर बसून फालुदा खातात, त्यामागे ही वाटचाल आहे.

भिंती पाडणारी माणसेही याच देशात होती. आझाद हिंद सेनेचे सैनिक १९४५-४६ मध्ये दिल्लीत कैदेत असताना त्यांना 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' वेगवेगळा दिला जाई. गांधीजी भेटायला गेले तेव्हा सैनिकांनी सांगितले की, आम्ही दोन्ही चहा एकत्र करतो आणि मग वाटून पितो. खटला राजद्रोहाचा होता. पण या एका घोटाने त्यांनी खरे राष्ट्र कशाला म्हणतात ते दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर ही गोष्ट कायद्यात आली. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी आणि तलाव यांच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला अडवता येणार नाही, असे ठरवले. ज्या माणसाला बडोद्यात हॉटेल मिळाले नाही आणि दौलताबादेत पाणी मिळाले नाही, तो मसुदा समितीचा अध्यक्ष होता. 'हॉटेल' आणि 'विहीर' हे शब्द मूलभूत हक्कांच्या प्रकरणात यावेत, यामागे केवढा अपमान गिळलेला आहे! पुढे १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने अशी अडवणूक शिक्षेस पात्र ठरवली.

तरीही पाटीचा प्रश्न संपलेला नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यगृहांनी मालकांची नावे ठळकपणे लावावीत, असे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्यांना स्थगिती दिली. कोणते अन्न मिळते ते लावा, नाव लावायची सक्ती नको, असे न्यायालयाने सांगितले. पुढच्या वर्षी हाच वाद क्यूआर कोडच्या रूपाने परत आला. तेव्हा हॉटेलांनी कायद्याने आवश्यक असलेला परवाना व नोंदणीपत्र लावावे, एवढे सांगून न्यायालयाने इतर मुद्द्यांत जाण्याचे टाळले. कोणी काय खावे, काय टाळावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्हीही हलाल आहे का, असे विचारतोच. शाकाहारी माणसाने भांड्याची चौकशी केली तर त्यात वावगे काही नाही. परंतु ताटात काय आहे हे विचारणे वेगळे आणि रांधणाऱ्याचा धर्म कोणता हे विचारणे वेगळे. पहिला प्रश्न जेवणाचा आहे. दुसरा त्या फलाटावरच्या किटलीचा आहे.

आशेची जागा कायद्याइतकीच चवीतही आहे. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत मालपुवा आणि फिरनी खायला आलेले निम्मे चेहरे रोजेदारांचे नसतात. दाऊदी बोहरा कुटुंबात एका थाळाभोवती सात-आठ जण बसतात आणि चिमूटभर मिठाने जेवणाची सुरुवात होते. गेल्या दशकात मुंबईतील काही घरांनी हा थाळ पैसे घेऊन अनोळखी पाहुण्यांसाठीही मांडला. आयुष्यात कधी मुसलमानाच्या घरात न गेलेली माणसे तिथे मांडीला मांडी लावून बसली. शंभर सभांनी जे साधत नाही ते एका थाळाने साधते.

ही वाट दोन्ही बाजूंनी चालायची असते. शेजारी आपल्याकडे येत नाहीत, अशी तक्रार आम्ही करतो. पण आम्ही तरी आपल्या मोहल्ल्याबाहेरच्या किती बाकड्यांवर बसतो? मिसळीच्या दुकानात, उडप्याच्या हॉटेलात, आंबेडकर जयंतीच्या पंगतीत आपली मुले गेली पाहिजेत. तिथे ताटात काय घ्यायचे ते त्यांनी ठरवावे, पण बसावे जरूर. आणि आपल्या दावतीचे आमंत्रण शेवटच्या गल्लीतल्या माणसापर्यंत, सफाई कामगारापर्यंत पोहोचले पाहिजे. हक्क पुस्तकात असून भागत नाही, तो वापरात राहावा लागतो. बाकडे रिकामे राहिले की कुणीतरी त्यावर पुन्हा पाटी लावतो.