तागडी कोणाच्या हाती?

दिवाळी आणि कापूस यांचे आमच्या वऱ्हाडात फार जुने नाते आहे. सीतादही करून पहिला वेचा घरी येतो तो याच सुमारास. मुलांचे कपडे, माहेरी आलेल्या लेकीचे लुगडे, सावकाराचा तगादा, साऱ्यांची भिस्त त्या पांढऱ्या ढिगावर असते. हा ढीग कोणी व कोणत्या भावाने घ्यावा? बाजार मोकळा असावा की सरकारच्या मुठीत? शहाणी माणसे यावर मोठ्या हिरिरीने वाद घालतात. आमच्या मुलखाने हे दोन्ही प्रकार अंगावर काढले आहेत. म्हणून ती हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची दृष्टी आमच्या काळ्या मातीकडे वळली. भाव कडाडले. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली, १८७० साली खामगावला फाटा निघाला. युद्ध संपताच भाव कोसळले. पण शेतात शिरलेला कापूस काही परत गेला नाही.

माल आला तसा बाजारही आला, आणि बाजाराबरोबर त्याच्या खोडीही आल्या. रुमालाखाली बोटे दाबून सौदा व्हायचा. ज्याचा माल, त्यालाच भाव कळायचा नाही. वर कडता, अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय! मोकळा बाजार म्हणतात तो हा. व्यापारी त्यात मोकळा होता. शेतकरी मात्र बंडी सोडून एकदा आत शिरला की विकल्यावाचून बाहेर पडत नसे, कारण सारा भरण्याची तारीख डोक्यावर असे.

१८८६ साली कारंजा येथे नियमाने चालणारा कापूसबाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला असा हा पहिला बाजार समजतात. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदाच झाला. ठरलेल्या जागेबाहेर बाजार भरवायचा नाही, परवान्यावाचून दलाली वा मापाडीपणा करायचा नाही, असा त्याचा आशय. सरकारला हा कळवळा शेतकऱ्यासाठी आला, असे समजायचे कारण नाही. विलायतेच्या गिरण्यांना स्वच्छ माल रास्त भावात हवा होता. बाजार चालवणाऱ्या समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती; कापूस पिकवणाराच तेवढा नव्हता. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने हे वैगुण्य दाखवले, तेव्हा कुठे १९३२ च्या मध्य प्रांताच्या कायद्याने शेतकऱ्याला समितीत बसायला जागा मिळाली. १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा झाला, तो याच वाटेने.

यानंतर दुसरे टोक आले. १९७१ साली कायदा होऊन १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक आमच्या शेजारच्या पुसदकडचे. राज्यातला सगळा कापूस सरकार आपल्या यंत्रणेमार्फत घेणार, सरकी-रुई करून विकणार आणि हमीभावावर नफा झाला तर त्यातला वाटा शेतकऱ्याला देणार. कल्पना मोठी होती. भाव पडला तरी घर बुडणार नाही, हा धीर त्या योजनेने दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

माझे लहानपण याच काळातले. वडिलांबरोबर बंडीवर बसून मी खरेदी केंद्रावर गेलो आहे. मैलभर रांग, बैलांपुढे कडबा, अंगावर घोंगडी, आणि दोन-दोन रात्री मुक्काम. अखेर ग्रेडर यायचा, ढिगात हात घालायचा आणि प्रत सांगायचा. त्या एका शब्दावर वर्षाची कमाई ठरे. त्या शब्दावर अपील करायला दुसरा ग्राहकच नव्हता. चुकारा हप्त्याहप्त्याने येई. ज्याला थांबणे परवडे, त्याला पूर्ण भाव मिळे. ज्याच्या घरी आजारी माणूस वा लग्नाची मुलगी असे, तो गुपचूप व्यापाऱ्याला रोखीने स्वस्तात माल देई. तोच माल पुढे व्यापारी सरकारी केंद्रावर घाली! गरिबासाठी काढलेल्या योजनेचा नफा असा वाटेतच मुरे.

आणि आमची पैनगंगा! खाली तिच्या पलीकडे आदिलाबादचा मुलूख, तेव्हा आंध्र प्रदेशात. परराज्यात भाव चढला की इकडचा कापूस चोरवाटांनी तिकडे जाई. इकडचा हमीभाव चढा असला की तिकडचा इकडे येई. स्वतःच्या शेतातला कापूस नाक्यावर चोरीचा माल ठरे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कापसाच्या भावासाठी रान उठवले. डिसेंबर १९८६ मध्ये हिंगोलीकडच्या सुरेगावी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. इकडे योजनेचा तोटाही साचत गेला, आणि २००२ साली खासगी खरेदीला वाट मोकळी झाली.

आता व्यापाऱ्याची गाडी दारात येते आणि रोख पैसे मिळतात. सोय झाली खरी. पण काटाही त्याचाच आणि भावही त्याचाच. सरकारचा हमीभाव आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८११० रुपये ठरला. परंतु कापूस महामंडळ बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल घेत नाही, आणि दिवाळीचा पहिला वेचा तर हमखास ओला! त्याच वर्षी ऑगस्टपासून डिसेंबरअखेर परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क माफ होते. म्हणजे बाजार मोकळा, पण त्याची किल्ली दिल्लीत.

दीडशे वर्षांचा हा हिशेब मांडला म्हणजे मला एवढेच दिसते, की मोकळा बाजार आणि सरकारी बाजार हे भांडण वरवरचे आहे. दोन्हीकडे शेतकरी अडला तो एकाच ठिकाणी: त्याला थांबता येत नव्हते आणि दुसरे दार उघडे नव्हते. व्यापारी हवा, सरकारही हवे. एकाने नाडले तर दुसऱ्याकडे जाता यावे. काटा तिसऱ्याच्या हाती असावा, चुकारा त्याच आठवड्यात मिळावा, आणि ओला कापूस वाळेपर्यंत ठेवायला गोदाम व त्या मालावर उचल मिळावी. एवढे झाले, तर भाव ठरताना शेतकऱ्यालाही ‘नाही’ म्हणता येईल. बाजारात ज्याला ‘नाही’ म्हणता येते, त्याच्याच घरी खरी दिवाळी असते.