डाउन प्लेसचे पिशाच

इंग्लंडातील बर्कशायर परगण्यात, विंडसरच्या राजवाड्यापासून फारशा दूर नसलेल्या ब्रे गावानजीक, थेम्स नदीच्या काठावर डाउन प्लेस नावाची एक जुनी हवेली आहे. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुपेरी पडद्यावर अवतरलेल्या रक्तपिपासू पिशाचांतील जे सर्वांत नामांकित, त्या काउंट ड्रॅक्युलाचा जन्म, मृत्यू आणि पुनर्जन्म याच हवेलीच्या आवारात झाला. हॅमर कंपनीच्या या भयपटांचे श्रेय सामान्यतः ख्रिस्तोफर ली यांच्या उंच देहयष्टीला आणि रक्ताळलेल्या नेत्रांना दिले जाते. ली यांचे सामर्थ्य कोण नाकारील? तथापि माझ्या मते हे श्रेय त्या हवेलीला, तिच्यात राबणाऱ्या मूठभर कारागिरांना आणि पेढीच्या जमाखर्चातील काटकसरीला अधिक प्रमाणात पोचते.

हॅमर ही मूळची कौटुंबिक पेढी. रंगभूमीवर ‘विल हॅमर’ या टोपणनावाने वावरणारे विल्यम हाइंड्स यांनी १९३४ मध्ये ती स्थापन केली. स्पेनहून येऊन चित्रगृहांचे मालक झालेले एन्रिके कॅरेरास लवकरच त्यांचे भागीदार बनले, आणि कारभार यथाक्रम पुत्रांच्या व नातवाच्या हाती गेला. मोठ्या स्टुडिओंचा खर्च परवडण्याजोगा नसल्यामुळे १९५१ मध्ये पेढीने डाउन प्लेस येथे बिऱ्हाड थाटले. १९५७ साली ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ या रंगीत भयपटाला अनपेक्षित यश लाभले, तेव्हा त्याच मंडळींकडून ‘ड्रॅक्युला’ करवून घेण्याची तजवीज झाली : दिग्दर्शक टेरेन्स फिशर, लेखक जिमी सँगस्टर, छायालेखक जॅक अ‍ॅशर, नेपथ्यकार बर्नार्ड रॉबिन्सन, संगीतकार जेम्स बर्नार्ड आणि नट पीटर कुशिंग व ली. खर्च सुमारे ८१,००० पौंडांचा.

एवढ्या रकमेत ब्रॅम स्टोकर यांची १८९७ ची विस्तीर्ण कादंबरी जशीच्या तशी पडद्यावर आणणे अशक्यच होते, आणि सँगस्टर यांनी तसा यत्नही केला नाही. कादंबरीतील सागरप्रवास त्यांनी वगळला, इंग्लंड वगळले, आणि काउंटचा किल्ला व त्याच्या भक्ष्यांचे घर ही दोन स्थळे घोडागाडीच्या एका रात्रीच्या मजलेवर आणून ठेवली. पिशाच वटवाघळाचे वा लांडग्याचे रूप घेते हा निव्वळ लोकभ्रम होय, असे पिशाचांचा पाठलाग करणाऱ्या खुद्द व्हान हेल्सिंगच्याच (कुशिंग) मुखातून वदवून त्या चमत्कारांचा खर्चही वाचविला. परंतु या काटछाटीचा परिणाम पाहावा : जे पिशाच वाघूळ होऊन उडू शकत नाही त्याला जिना चढून शयनगृहाच्या दारात यावे लागते, आणि दारात उभा राहिलेला मनुष्याकार पुरुष हा पंख फडफडविणाऱ्या कोणत्याही बाहुल्यापेक्षा अधिक भयंकर वाटतो. १९३१ च्या अमेरिकी चित्रपटात बेला लुगोसी यांचा काउंट संथ, परकीय उच्चारांत बोलत राहतो. ली यांचा काउंट आरंभीच्या प्रसंगांत पाहुण्याशी सभ्य गृहस्थाप्रमाणे चार शब्द झटपट बोलतो आणि त्यानंतर अखेरपर्यंत मौन पाळतो.

रॉबिन्सन यांची करामत तर याहून सूक्ष्म आहे. भयपटातील किल्ला म्हणजे कोळिष्टके, धूळ आणि पडझड हा रूढ संकेत त्यांनी झुगारला आणि ड्रॅक्युलाचे दालन स्वच्छ, नीटनेटके, भोजनाचे मेज मांडून ठेवलेले असे सजविले. त्या दालनावर अ‍ॅशर यांनी रंगीत प्रकाशाचे जे लेपन केले त्यामुळे लाकूड, मखमल आणि मेणबत्ती यांना उबदार वैभव आले. आणि अशा वैभवात पहिल्यांदा रक्त दिसते तेव्हा त्याचा लालभडक रंग डोळ्यांना डाचतो. त्या काळच्या ब्रिटिश समीक्षकांपैकी पुष्कळांना हे बीभत्स वाटले. त्यांना कृष्णधवल छायांचा सराव होता, एवढेच म्हणावे लागेल.

अखेरचा प्रसंग विशेष लक्षणीय आहे. व्हान हेल्सिंग मेजावरून धावत जाऊन पडदे खाली ओढतो आणि दोन मेणबत्तीदाने परस्परांवर आडवी धरून क्रूस बनवितो. मेणबत्तीदानांची ही युक्ती कुशिंग यांचीच. सूर्यप्रकाशात काउंटच्या देहाची राख होते. या राख होण्यावर परिनिरीक्षण मंडळाची कात्री चालली. हॅमर संहिता आधीच मंडळाच्या दप्तरी धाडीत असे, आक्षेपांचे खलिते येत, वाटाघाटी होत, आणि शेवटी सोळा वर्षांखालील मुलांना मज्जाव करणारा ‘एक्स’ दाखला मिळे. कापलेल्या चित्रणाचा काही भाग २०११ मध्ये टोकियो येथील राष्ट्रीय चित्रपट केंद्रातील जपानी प्रतीत सापडला आणि पुढे तो चित्रपटात पुन्हा जोडण्यात आला.

१९६० च्या ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’मध्ये ली नाहीत, ड्रॅक्युलाही नाही, तरी पवनचक्कीच्या पात्यांची छाया क्रूसासारखी पिशाचावर पाडण्याची कल्पना त्याच कारागिरीतली. पाच वर्षांनी ‘ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस’चे चित्रीकरण झाले तेव्हा पेढीने ली यांच्यासह तेच नेपथ्य लगोलग रास्पुटिनवरील चित्रपटालाही वापरले. या वेळी काउंट एक अक्षरही बोलत नाही. संवाद टाकाऊ असल्याने मीच ते नाकारले असे ली सांगत, तर मी संवाद लिहिलेच नव्हते असे सँगस्टर म्हणत. आपल्या वाचकांना कदाचित याचे कौतुक वाटेल की १९५९ मध्ये ठगांवर काढलेला ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ हाही फिशर यांनी ब्रे येथेच चित्रित केला. म्हणजे मुंबईदेखील थेम्सकाठीच उभारण्यात आली.

१९६६ नंतर पेढीने ब्रे सोडले. १९६८ मध्ये निर्यातीतील कामगिरीबद्दल राणीचा उद्योग-पुरस्कार मिळाला खरा, परंतु अ‍ॅशर संथ आणि खर्चिक म्हणून आधीच दूर झाले होते आणि १९७० साली रॉबिन्सन निवर्तले. काटकसरीने जे हात घडविले तेच काटकसरीने गमावले. पेढीला मिळणारे अमेरिकी भांडवल आटू लागले, तेव्हा कधी नग्नतेचा आश्रय घेण्यात आला, तर कधी काउंटला १९७२ च्या लंडनातील उच्छृंखल तरुणांत आणून सोडण्यात आले; पुढच्या चित्रपटात तर तो गगनचुंबी कचेरीत बसून कंपनीचा कारभार हाकतो. १९७३ च्या ‘द एक्सॉर्सिस्ट’ने भयपटाची सारी परिमाणेच पालटली. काउंटला हिंदुस्थानात आणणारी एक संहिताही याच दशकात सिद्ध झाली होती. ती चित्रित झाली नाही, २०१७ मध्ये बीबीसीने नभोवाणीवर सादर केली, एवढेच. १९७९ मध्ये पेढी दिवाळखोरीत निघाली.

तोवर हाच धंदा आपल्याकडे दुसऱ्या एका कुटुंबाने मांडला होता. रॅमसे बंधूंनी १९७२ मध्ये महाबळेश्वरी जाऊन ‘दो गज जमीन के नीचे’ केला आणि १९९० च्या ‘बंद दरवाजा’त हॅमरच्या धर्तीचा रक्तपिपासू उभा केला, भाऊभाऊ मिळून, अल्प खर्चात.

ज्यांना हे चित्रपट प्रथमच पाहावयाचे असतील त्यांनी १९५८ चा ‘ड्रॅक्युला’ आणि १९६० चा ‘ब्राइड्स’ आधी पाहावा, आणि नटांबरोबरच त्यांच्यामागच्या भिंतींकडेही लक्ष द्यावे. कचेरीतला काउंट न पाहिला तरी चालेल.