तासांचं माप

अब्बांची बदली झाली आणि बी.ए.च्या मध्येच मला विद्यापीठ बदलावं लागलं. मायग्रेशन सर्टिफिकेट घेऊन खिडकीशी उभा राहिलो. ‘उर्दूचा हा पेपर आमच्याकडे नाही,’ क्लार्क म्हणाले. वर्ष गेलं.

हल्ली असा अभ्यास श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजतात. गंमत अशी, की या मापाचं मूळ पेन्शनमध्ये आहे. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगींनी अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी १ कोटी डॉलर दिले. लाभ हवा असेल, तर कॉलेजांनी प्रवेशासाठी शाळेचा अभ्यास ‘युनिट’मध्ये मोजावा, अशी अट पडली. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षाला १२० तास. पुढे कॉलेजांतही तासांचाच हिशेब रूढ झाला. आमचे उर्दूचे सर तर घड्याळच बघत नसत!

आपल्याकडे यूजीसीनं २०२१ साली श्रेयांकांची बँक काढली. संस्था बदलली तरी जमा श्रेयांक ७ वर्षांपर्यंत टिकतात. मात्र निम्मे तरी पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात.